जमिनीचा ताळेबंद : बायोडायनॅमिक शेतीची ओळख

बँकेच्या नोकरीतील माझी बहुतेक वर्षे सांगली-कोल्हापूर भागातील ग्रामीण शाखांमध्ये गेली. त्या काळात पीककर्जाचे किती अर्ज हाताखालून गेले याची गणती नाही. अर्जासोबत सातबारा उतारा असे, पिकाचे नाव असे, खते, औषधे, मजुरी यांच्या खर्चाचा अंदाज असे आणि शेवटी जामीनदाराची सही असे. जमिनीची प्रकृती कशी आहे हे विचारणारा रकाना मात्र त्यात नव्हता. मलाही तो असावा असे कधी वाटले नाही. खताचा खर्च दरवर्षी वाढत होता, त्या प्रमाणात कर्जमर्यादा वाढत होती आणि वसुली वेळेवर झाली की मी समाधानी असे.

निवृत्तीनंतर शिरोळ तालुक्यातील आमच्या गावी परतलो, तेव्हा तो राहिलेला रकाना माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. थोरले बंधू आण्णा यांनी आमची वडिलोपार्जित जमीन एकट्याने सांभाळली होती. वर्षानुवर्षे ऊस, पाटाचे भरपूर पाणी आणि पोत्यांनी खत. परिणामी ओढ्याकडचा कोपरा क्षारपड झाला होता. उन्हाळ्यात तिथे पांढरी खपली धरत असे. आण्णांचे वय बाहत्तर. दोघांचीही मुले पुण्यात. जमीन खंडाने द्यावी असा विचार घरात सुरू होता. मी आण्णांकडे दोन वर्षांसाठी वीस गुंठ्यांचा एक तुकडा मागितला. ते म्हणाले, "घे. पण काय करणार ते मला आधी समजावून सांग."

त्यांना समजावता यावे म्हणून मी जे वाचले, पाहिले आणि विचारले, तेच येथे वाचकांसमोर ठेवीत आहे.

कोबरविट्झची आठ व्याख्याने

इंदूरला स्थायिक झालेल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून 'बायोडायनॅमिक' हा शब्द मी प्रथम ऐकला. मराठीत त्याला जैवगतिक शेती म्हणता येईल. या पद्धतीचा उगम १९२४ सालच्या जून महिन्यातील आहे. ब्रेस्लाऊ शहराजवळ, तेव्हा जर्मनीत आणि आज पोलंडमध्ये असलेल्या कोबरविट्झ या गावी, साखरबीट पिकवणाऱ्या एका मोठ्या जहागिरीवर ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टायनर यांनी शेतीवर आठ व्याख्याने दिली. यजमान होते काउंट कायझरलिंक. श्रोते शंभरावर होते आणि त्यांत शेतकऱ्यांचा भरणा होता. बियाण्याचा जोम घटतो आहे, जनावरांचे आजार वाढत आहेत आणि नव्या रासायनिक खतांनी पीक वाढले तरी जमीन थकते आहे, ही त्यांची तक्रार होती. साखरेच्या पिकात गुंतलेल्या त्या शेतकऱ्यांची तक्रार वाचताना मला आमच्या गावाची आठवण झाली.

पुढच्याच वर्षी, मार्च १९२५ मध्ये, स्टायनर निवर्तले. आपण सांगितलेल्या गोष्टी आधी शेतात पडताळून पाहाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी शेतकऱ्यांचे एक प्रयोगमंडळ तिथेच स्थापन झाले. १९२८ मध्ये या शेतमालासाठी 'डिमीटर' ही मुद्रा सुरू झाली. डिमीटर ही ग्रीक पुराणातील धान्याची देवता. आजही जगभरात या पद्धतीच्या मालावर हीच मुद्रा असते.

योगायोग असा, की त्याच १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने इंदूर येथे वनस्पती-उद्योग संस्थेत काम सुरू केले आणि शेतातील काडीकचरा व शेण यांपासून कंपोस्ट करण्याची 'इंदूर पद्धत' बसवली. त्यावरच्या १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड यांचेही नाव आहे. दोन्ही धारा एकमेकींपासून स्वतंत्र होत्या. जमिनीला परत द्यावे लागते, हे मात्र दोघींनीही सांगितले. १९९० च्या दशकात न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर भारतात येऊ लागले. इंदूरच्या कस्तुरबाग्राम कृषिक्षेत्राचे टी. जी. के. मेनन यांच्या सहकार्याने त्यांनी येथील शेतकऱ्यांना हे तंत्र शिकवले. म्हणजे बायोडायनॅमिक शेतीला भारतात जिथे पहिला मोठा आधार मिळाला, ते गाव पुन्हा इंदूरच.

शेत म्हणजे एक देह

या पद्धतीची पायाभूत कल्पना समजण्यास सोपी आहे. शेत हा एक देह मानावा. माती, पीक, जनावरे, झाडे, पाणी आणि शेतकरी ही त्याची अंगे. देह निरोगी असेल तर बाहेरून फारसे औषध लागत नाही. म्हणून खत शक्यतो शेतातच तयार व्हावे, चारा शेतातच पिकावा, जनावरे जमिनीला पेलतील इतकीच असावीत, पिकांची फेरपालट असावी आणि काही जागा झाडाझुडपांना व पाखरांना मोकळी राहावी. डिमीटरच्या नियमांत शेताचा दहा टक्के भाग अशा जैवविविधतेसाठी राखावा लागतो. रासायनिक खते, कीटकनाशके आणि तणनाशके यांना पूर्ण मनाई असते.

इथपर्यंतचे वर्णन ऐकून आण्णा म्हणाले, "हे तर आपले आजोबा करीत होते." ते खरेच आहे. चांगली सेंद्रिय शेती आणि बायोडायनॅमिक शेती यांचा मार्ग इथपर्यंत एकच असतो. वेगळेपण पुढे सुरू होते आणि ते दोन गोष्टींत आहे : विशिष्ट द्रव्ये आणि चंद्राच्या गतीनुसार कामांची आखणी.

द्रव्यांना क्रमांक आहेत. बीडी ५०० म्हणजे शिंगखत. दुभत्या गाईचे ताजे शेण गाईच्या शिंगात भरून ते शिंग थंडीच्या आरंभी जमिनीत पुरतात. आपल्याकडे हा काळ साधारण आश्विनाचा. फाल्गुन-चैत्रात ते उकरून काढले की शेणाचे काळसर, मातकट वासाचे खत झालेले असते. एकरी सुमारे २५ ग्रॅम खत १३ ते १५ लिटर पाण्यात घालून तासभर घुसळतात. काठीने पाणी एका दिशेने फिरवीत मध्यभागी खोल भोवरा पडू द्यायचा, मग दिशा उलटी करून तो मोडायचा, पुन्हा नवा भोवरा पाडायचा. हे पाणी संध्याकाळी ओलसर जमिनीवर मोठ्या थेंबांनी शिंपडतात. बीडी ५०१ मध्ये गारगोटीची अतिशय बारीक पूड शिंगात भरून उन्हाळ्याच्या काळात पुरतात. एकरी केवळ एक ग्रॅम पूड पाण्यात तासभर घुसळून सकाळी पानांवर धुक्यासारखी फवारतात. पहिले द्रव्य मुळांसाठी आणि मातीसाठी, दुसरे पानांसाठी आणि प्रकाशासाठी, अशी ही जोडी आहे.

५०२ ते ५०७ ही सहा द्रव्ये कंपोस्टच्या ढिगात घालण्यासाठी आहेत. यॅरो, कॅमोमाइल, नेटल, ओकची साल, डँडेलियन आणि व्हॅलेरियन या सहा वनस्पतींपासून ती केली जातात. काडीकचरा, हिरवा पाला आणि शेण यांचे थर देऊन ढीग रचतात, त्यात काही ठिकाणी छिद्रे करून चिमूट-चिमूट द्रव्य घालतात आणि ढीग झाकतात. शेणाच्या खड्ड्याचीही एक पद्धत आहे. तिला सीपीपी म्हणतात. विटांनी कडा बांधलेल्या उथळ खड्ड्यात सुमारे ६० किलो शेण, त्यात काळ्या पाषाणाची भुकटी आणि अंड्याच्या कवचाची भुकटी कालवून वरील सहा द्रव्ये घालतात. ओल्या गोणपाटाने झाकून ठेवल्यावर साधारण तीन महिन्यांत ते तयार होते.

उंबरठ्यावरचा प्रश्न

शिंग आणि अंड्याचे कवच हे शब्द वाचताच आपल्या वाचकांच्या मनात जो प्रश्न आला असेल, तोच आण्णांनी मला विचारला. "शिंग आणणार कुठनं, ते आधी सांग."

मी म्हणालो, गाय आपल्या मरणाने गेली तर तिचे शिंग घेता येते आणि एक शिंग अनेक वर्षे वापरता येते. परंतु या उत्तराने माझेच समाधान होईना, कारण खोलात गेल्यावर आणखी गोष्टी कळल्या. यॅरोची फुले हरणाच्या मूत्राशयात भरतात, कॅमोमाइल गाईच्या आतड्यात, ओकची साल पाळीव जनावराच्या कवटीत आणि डँडेलियन गाईच्या आतड्यांभोवतीच्या पातळ पडद्यात. नेटल आणि व्हॅलेरियन या दोनच द्रव्यांना प्राण्याचा अवयव लागत नाही. किडींच्या व उंदरांच्या उपद्रवावर स्टायनर यांनी सुचवलेला उपाय तर त्याच किडी किंवा उंदराचे कातडे जाळून राख शेतात टाकण्याचा आहे. बाजारात या द्रव्यांचा तयार संच मिळतो. त्यावर केवळ क्रमांक असतात. सीपीपी म्हणजे 'फक्त शेण' असे मलाही एकाने सांगितले होते. त्या शेणात जे चिमूटभर घालायचे, ते कुठून आले हे मी विचारले नसते तर मला कळलेही नसते. म्हणून शिकणाऱ्याने संच घेण्यापूर्वी तो करणाऱ्याला ही गोष्ट स्पष्ट विचारावी, असे मी आग्रहाने सांगेन.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या परंपरेत शिंगाचा असा उपयोग होतो, तीच परंपरा जिवंत गाईच्या शिंगासाठी भांडतेही. युरोपातील गोठ्यांत वासरांची शिंगे लहानपणीच जाळून टाकण्याची रीत आहे. डिमीटरच्या नियमांत तिला मनाई आहे. स्वित्झर्लंडमध्ये शिंगे राखणाऱ्या शेतकऱ्यांना अनुदान द्यावे यासाठी २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय सार्वमत झाले. प्रस्ताव फेटाळला गेला, पण गाईच्या शिंगासाठी एका देशाने मतदान केले. बेंदराला बैलांची शिंगे रंगवणाऱ्या आपल्याला ही गोष्ट जवळची वाटावी.

तरीही प्रश्न उरलाच. त्याच हिवाळ्यात आमची म्हातारी गाय गेली. आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे आण्णांनी तिला बांधाच्या कडेला पुरले. पुरण्यापूर्वी मी शिंगाचा विषय काढला. आण्णा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "जिवंतपणी तिनं दिलं ते आपण घेतलं. आता तिला राहू दे." मी पुन्हा विषय काढला नाही.

वाचकांपैकी कोणाला यात वेगळा निर्णय योग्य वाटेल. आपल्या मरणाने गेलेल्या गाईचे शिंग घेण्यात हिंसा नाही, असे म्हणणारेही आहेत आणि त्यांचा युक्तिवाद मी खोडून काढू शकत नाही. आमच्या घराने मात्र प्राण्याचा अवयव लागणारी द्रव्ये न वापरण्याचे ठरवले. सीपीपीतील अंड्याच्या कवचाचा उपयोग कॅल्शियमसाठी असतो. आम्ही त्याऐवजी चुना वापरला. काळ्या पाषाणाच्या भुकटीला आपल्या भागात तोटा नाही. आमच्या तुकड्याला त्यामुळे 'बायोडायनॅमिक' हे नाव लावता येत नाही, कारण ही द्रव्ये वापरणे हे त्या मुद्रेच्या आवश्यक अटींपैकी आहे. तसे नाव आम्ही लावतही नाही. अटी पूर्ण न करता नाव लावणे म्हणजे तारणाशिवाय कर्ज दाखवणे.

चंद्र आणि पेरणी

दुसरे वेगळेपण दिनदर्शिकेचे. जर्मनीच्या मारिया थून यांनी १९५० च्या दशकापासून केलेल्या पेरणीच्या प्रयोगांवर ती आधारलेली आहे. चंद्र ज्या तारकासमूहात असेल, त्यावरून दिवसांचे चार गट पडतात. वृषभ, कन्या, मकर हे मूळदिवस. कर्क, वृश्चिक, मीन हे पानदिवस. मिथुन, तूळ, कुंभ हे फूलदिवस आणि मेष, सिंह, धनू हे फळ व बी यांचे दिवस. हरभरा फळदिवशी पेरावा, मेथी पानदिवशी. पंचांग पाहणाऱ्या घराला ही भाषा परकी वाटत नाही. थून यांचे निष्कर्ष इतर संशोधकांच्या प्रयोगांत मात्र खात्रीने सिद्ध झालेले नाहीत. मी दिनदर्शिका पाळली ती शिस्तीसाठी. ठरलेल्या दिवशी पेरायचे तर बियाणे, वाफसा आणि माणसे आधीच तयार ठेवावी लागतात. वाफसा आणि दिनदर्शिका यांचे जमले नाही, तेव्हा आम्ही वाफसा धरला.

हिशेब काय सांगतो

कोणत्याही योजनेचे आकडे मागण्याची सवय निवृत्तीबरोबर सुटत नाही. या विषयातील सर्वांत भक्कम आकडे स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराजवळच्या थेरविल येथील प्रयोगाचे आहेत. तिथे १९७८ पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रूढ अशा तीन पद्धती शेजारीशेजारी चालवल्या जातात. एकवीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बायोडायनॅमिक व सेंद्रिय पद्धतींत उत्पादन सरासरी २० टक्के कमी आले. परंतु खते व ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी लागली आणि कीटकनाशकांचा वापर ९७ टक्के घटला. मातीतील सूक्ष्मजीव आणि गांडुळे वाढली. शिंगखतासारख्या द्रव्यांचा स्वतंत्र परिणाम किती, याबद्दल मात्र शास्त्रज्ञांत एकमत नाही. बहुतेक लाभ कंपोस्ट, फेरपालट आणि विषमुक्तता यांतून येतो, असे मानणारे पुष्कळ आहेत. आमच्यासारख्या अर्ध्या वाटेवर थांबणाऱ्यांना त्यात दिलासा आहे.

आमच्या वीस गुंठ्यांचा अनुभवही याच दिशेचा. पहिल्या वर्षी सोयाबीन आण्णांच्या शेजारच्या तुकड्यापेक्षा स्पष्टपणे कमी आले. आण्णा काही बोलले नाहीत आणि ते न बोलणे मला अधिक लागले. नंतरच्या हरभऱ्यात फरक कमी झाला. खर्चाच्या बाजूला खत-औषधांचा आकडा जवळजवळ पुसला गेला. परंतु ढीग रचणे, पालटणे, तण काढणे यांची मजुरी वाढली. घरच्या माणसांची मजुरी शून्य धरून सेंद्रिय शेती फायद्याची दाखवण्याची एक चाल आहे. मी ती रक्कम लिहिली. ती धरल्यावर पहिल्या वर्षी तोटा होता. दुसऱ्या वर्षी हिशेब जेमतेम जुळला. क्षारपड कोपऱ्याबद्दलही भ्रम नसावा. केवळ कंपोस्टने क्षार जात नाहीत. तिथे पाण्याचा निचरा करणारे चर काढावे लागतात आणि पाणी मोजून द्यावे लागते.

शिकावे कसे

जर्मनीत या शेतीचे शिक्षण चार वर्षांचे असते आणि त्यातील बहुतांश काळ विद्यार्थी प्रत्यक्ष शेतांवर राबतो. फ्रँकफुर्टजवळचे डॉटनफेल्डरहोफ आणि नेदरलँड्समधील वारमोंडरहोफ ही अशा शिक्षणाची जुनी केंद्रे. भारतात बायोडायनॅमिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था तमिळनाडूतील कोडाईकॅनॉल परिसरातून काम करते. तिची प्रशिक्षणे होतात आणि भारतीय वेळेनुसार दिनदर्शिकाही निघते. प्रॉक्टर यांच्या भारतातील कामावर २००७ साली 'वन मॅन, वन काऊ, वन प्लॅनेट' हा माहितीपट निघाला. कुटुंबासह पाहण्यास तो चांगला आहे. मात्र तोही प्रशंसकाच्या नजरेतून केलेला आहे, हे लक्षात ठेवावे.

माझ्या अनुभवावरून नवशिक्यासाठी क्रम असा सुचवतो.

पहिले वर्ष फक्त ढिगाचे. माणसाच्या कमरेपेक्षा थोडा उंच ढीग रचावा. त्यात कोरडा व हिरवा पदार्थ यांचे प्रमाण साधावे. कर्ब आणि नत्र यांचे गुणोत्तर २५ ते ३० ला एक असावे, असे शास्त्र सांगते. व्यवहारात, कोरडे पाचट किंवा काड जास्त, हिरवा पाला त्याहून कमी आणि प्रत्येक थरावर शेणकाला. ढीग तापतो की नाही ते लोखंडी सळई खुपसून पाहावे. तापत नसेल तर शेण किंवा पाणी कमी पडले. दुर्गंधी आली तर पाणी जास्त झाले. घराच्या परसात चार फुटांच्या जागेतही लहान ढीग करता येतो.

दुसरे, वही. रोज एक ओळ पुरे. पाऊस, वाफसा, चंद्राची स्थिती, कोणते पाखरू आले, कोणती कीड दिसली. वर्षअखेरीस ही वही कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवते.

तिसरे, तुलना. शेताचा एक तुकडा नव्या पद्धतीने, शेजारचा जुन्या पद्धतीने करावा. दोन्हींचा खर्च आणि उत्पन्न मजुरीसह लिहावे. ज्याची सगळी उपजीविका शेतीवर आहे त्याने सगळे शेत एकदम बदलू नये, हे मी बँकेतील माणूस म्हणून सांगतो.

चौथे, अनुभवी शेतकऱ्याच्या शेतावर किमान दोन ऋतूंत जाऊन यावे. पावसाळ्यात सगळीच शेते हिरवी दिसतात. मातीची खरी परीक्षा चैत्रात होते.

आणि पाचवे, आपल्या भागातील पांजरपोळ किंवा गोशाळा पाहावी. दूध न देणाऱ्या गाईंचा खर्च कसा भागवावा, ही अशा संस्थांची नित्याची चिंता असते. या शेतीच्या दृष्टीने शेण हेच मुख्य धन आहे आणि ते भाकड गाईही देते. संस्थेने उत्तम कंपोस्ट करावे आणि परिसरातील शेतकऱ्यांनी ते योग्य मोलाने घ्यावे. दोघांचाही ताळेबंद सुधारेल.

दोन वर्षांची मुदत गेल्या मार्चमध्ये संपली. वही घेऊन मी आण्णांसमोर बसलो आणि नफा-तोट्याचे पान उघडून दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचले, वही मिटली आणि मला शेताकडे घेऊन गेले. ऊस नुकताच तुटून गेला होता. दरवर्षी या दिवसांत आमच्या शिवारात पाचट पेटते; संध्याकाळी धुराने गाव भरते आणि त्या आगीत किती जीव होरपळतात याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. आमच्या शेतात पाचट तसेच होते. गडी ते सरींमध्ये पसरत होता.

"जाळायचं नाही, म्हणून सांगितलंय त्याला," आण्णा म्हणाले. "खंडाचं बघू पुढच्या वर्षी."